चुलीवरच्या चहाचं अत्तर: धूर किती, संत्रा किती आणि चहा आणायचा कुठून

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरूड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंना तेलातलं अत्तर करायचं आहे. चुलीवरच्या काळ्या चहाचा धुरकट वास आणि त्यात आपल्या संत्र्याची गोडी, असा त्यांचा विचार. तीन प्रयत्न झाले. चहापत्ती तिळाच्या तेलात पंधरा दिवस मुरवली, पण चहाचा वास उतरला नाही आणि महिन्याभरात तेल खवटलं. मग संत्र्याचं तेल घातलं, ते दहा मिनिटांत उडालं. शेवटी धुरासाठी बर्च टार (बर्च झाडाच्या सालीचं डांबर) मागवून ५० मिली तेलात चार थेंब टाकले, तर सगळ्याला जळक्या टायरचा वास. आता पऱ्हाटी जाळून तिचा धूर तेलात धरावा का, असं त्या विचारतात.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो तब्येतीचा आहे. धूर तेलात धरू नका. लाकूड अर्धवट जळताना बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं तयार होतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात मात्र सहज उतरतात. म्हणजे धुरावर धरलेलं तेल नेमकं नको तेच गोळा करतं, आणि तुम्ही ते मनगटावर, मानेवर रोज लावणार. पऱ्हाटीवर तर हंगामभर फवारणी झालेली असते. धुराचा वास हवा, धूर नको.

आता चहा. चहापत्तीचा वास पाण्यात चांगला उतरतो, थंड तेलात नाही. तुरटपणा, कडूपणा देणारी द्रव्यं तेलात विरघळतच नाहीत. जी सुगंधी द्रव्यं विरघळतात ती पत्तीत इतकी कमी असतात की तिळाच्या स्वतःच्या वासाखाली दबून जातात. पत्तीतला ओलावा आणि बारीक चुरा तेलात राहतो तो वेगळाच. म्हणून चहाच्या अत्तरातला चहा बहुतेक वेळा पत्तीतून काढलेला नसतो, तो जुळवलेला असतो. पान कोमेजून, चुरडून, हवेत काळं पडताना त्यातल्या कॅरोटीन वर्गातल्या रंगद्रव्यांपासून आयोनोन आणि डमास्केनोन ही सुगंधी द्रव्यं तयार होतात, आणि पानात बांधलेले लिनालूल, जिरॅनिऑल मोकळे होतात. आपण ‘चहाचा वास’ म्हणतो तो बराचसा या मंडळींचा. अत्तरवाले यांनाच एकत्र आणतात. फ्रेंच अत्तरकार जाँ-क्लोद एलेना यांनी १९९२ साली बुल्गारी कंपनीसाठी हिरव्या चहाचं जे अत्तर केलं, त्यातल्या चहाचा कणा आयोनोन आणि हेडिओन ही जोडी होती. तेव्हापासून चहा बांधायची ती रूढ वाटच झाली. हेडिओनला जाईच्या सावलीसारखा हलका, किंचित लिंबाळ, हवेशीर वास असतो. आयोनोन कोरडा आणि जांभळट. दोघं जवळ आले की नाकाला वाफाळत्या कपाची आठवण होते.

धुरकट चहाचा मूळ नमुना चीनचा. फुजियान प्रांतात वुयी डोंगरातल्या तोंगमू गावचा लॅपसँग सूचाँग चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. पाइनच्या धुरात ग्वायकॉल हे वासाचं द्रव्य जास्त, म्हणून तो डांबरट आणि औषधी वाटतो. आपल्या चुलीत जळतं ते बाभूळ, पऱ्हाटी, तुराट्या. कठीण लाकडाच्या धुरात ग्वायकॉलसोबत सिरिंगॉलही भरपूर असतं आणि त्यामुळे वास जरा गोडसर येतो. तुम्हाला चुलीवरचा चहा हवा आहे, चीनचा नाही. तेव्हा बर्च टारवर सगळा भार टाकू नका. धुराचं मोठं काम नागरमोथा, ग्वायकवुड (दक्षिण अमेरिकेतल्या एका लाकडाचं तेल), वाळा आणि सालई यांच्यावर सोपवा आणि टार फक्त फोडणीपुरतं वापरा.

माप आता ग्रॅममध्ये सांगते. थेंब विसरा. पातळ तेलाचा थेंब ०.०२ ग्रॅम भरतो, घट्ट तेलाचा ०.०५ पर्यंत जातो, म्हणजे थेंब मोजून केलेला घाणा दुसऱ्यांदा तसाच येत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा बॅटरीवरचा काटा घ्या आणि वजन करताना पंखा, कूलर बंद ठेवा. झोतात काटा नाचतो.

खालचं माप २० ग्रॅम कंपाउंडचं आहे, म्हणजे बेस तेलात मिसळण्याआधीच्या नुसत्या सुगंधाचं. त्यातून १०० ग्रॅम तयार अत्तर होतं.

चहाचा भाग: हेडिओन ६.०० ग्रॅम, बीटा-आयोनोन १.२०, लिनालूल १.००, रोशा तेल ०.५०. रोशा म्हणजे मेळघाट-यवतमाळकडच्या माळावर उगवणारं तेच सुवासिक गवत. त्याच्या मोतिया जातीच्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जिरॅनिऑल असतं आणि काळ्या चहातली गुलाबी झाक त्यानेच येते. एकेकाळी हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई, इतकं ते गुलाबाच्या जवळचं. सोफिया जातीचं घेऊ नका, त्याला आल्यासारखा उग्र वास असतो. विकत घेताना जात विचारून घ्या.

फळाचा भाग: संत्र्याच्या सालीचं तेल ४.०० ग्रॅम, दवण्याचं तेल ०.५०, गॅमा-अनडेकालॅक्टोनचं १० टक्के द्रावण १.००, बीटा-डमास्कोनचं १ टक्का द्रावण ०.४०.

धुराचा आणि बुडाचा भाग: ग्वायकवुड २.४०, नागरमोथा तेल १.००, वाळ्याचं तेल १.००, सालईचं तेल ०.६०, रेक्टिफाइड (ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेल्या) बर्च टारचं १० टक्के द्रावण ०.४०. सगळं मिळून बरोबर २० ग्रॅम भरतं.

टारचा हिशेब मुद्दाम करून बघा. ०.४० ग्रॅम द्रावणात खरं टार ०.०४ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम अत्तरात ०.०४ टक्के. तुम्ही ५० मिलीत चार थेंब घातले, ते साधारण ०.१२ ग्रॅम, म्हणजे ०.२४ टक्के. सहापट! टायरचा वास त्यानेच आला, मालाचा दोष असेलच असं नाही. टारमधली फिनॉल वर्गातली द्रव्यं नाकाला अगदी कणभर असली तरी कळतात, आणि आपण हुंगत राहिलो की नाक त्यांना सरावतं. मग वाटतं अजून थोडं हवं. धुराचं प्रमाण नेहमी सकाळच्या ताज्या नाकाने ठरवावं, आणि एकदा ठरवलं की त्या दिवशी वाढवू नये.

टार घेताना ‘रेक्टिफाइड’ हा शब्द आणि त्यासोबत बेंझोपायरीनच्या तपासणीचं प्रमाणपत्र, दोन्ही मागा. कच्चं बर्च टार आणि कच्चं केड तेल (जुनिपरच्या लाकडाचं डांबर) यांना इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमांत मनाई आहे. प्रमाणपत्र मिळत नसेल तर टार पूर्ण सोडा, नागरमोथा १.२० आणि ग्वायकवुड २.६० करा. वास थोडा मवाळ होईल, पण धुराची ओळख राहील. खरं सांगायचं तर रोज लावायच्या अत्तराला मला हीच आवृत्ती जास्त पसंत आहे.

नागरमोथ्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. बांधावर उगवतो तो लव्हाळा आणि बाजारात तेल मिळतं तो नागरमोथा हे भाऊबंद आहेत, एक नव्हेत. शेतातला लव्हाळा उपटून, वाळवून उटण्यात घालता येतो, पण त्याच्या गाठींतून घरच्या भांड्यात अत्तराजोगं तेल निघण्याची आशा धरू नका. तेल विकतच घ्या. चांगलं तेल हुंगल्यावर ओली माती, जुनं लाकूड आणि मागून हलका धूर असं तिन्ही येतं. नुसता मातकट वास आला तर भेसळ किंवा हलका माल समजा. वाळ्याचंही तसंच आहे. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या पहिल्यांदा भिजल्यावर जो वास सुटतो, तो बाटलीत आला पाहिजे. सालईचा डिंक मेळघाटच्या जंगलात मिळतो हे खरं, पण झाडाला खाचा मारून तो स्वतः काढायला जाऊ नका. वनोपजाचे नियम आहेत, आणि वारंवार खाचा मारल्याने झाड खंगतं. शिवाय आपल्याला लागतं ते डिंकापासून ऊर्ध्वपातनाने काढलेलं तेल, डिंक नव्हे.

आता संत्रा. सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं आणि लिमोनीन उडणारच. त्याला धरून ठेवणारं कोणतंही द्रव्य नाही. ‘फिक्सेटिव्ह’ म्हणून विकलं जातं त्याने फार तर पाच-दहा मिनिटं वाढतील. तेव्हा संत्रा टिकवायच्या मागे लागू नका, त्याच्या हातातून फळ पुढच्याच्या हातात द्या. पहिली पंधरा मिनिटं संत्रा. तो उतरणीला लागला की दवणा पुढे येतो. चैत्रात देवाला वाहतो तोच हा दवणा, पण त्याचं तेल हुंगलं तर मुरलेल्या सुक्या मेव्याचा, मुरंब्याचा वास येतो. त्याच्यामागे डमास्कोनचा आलुबुखारा आणि शेवटी अनडेकालॅक्टोनचा पीच, जो मनगटावर कित्येक तास राहतो. (बाजारात याला ‘पीच अल्डिहाइड’ किंवा ‘सी-१४’ म्हणतात. तो अल्डिहाइड नाही, नाव मात्र पडलं ते पडलं.) लावणाऱ्याला वाटतं संत्राच टिकला आहे. डमास्कोन मापाबाहेर जाऊ देऊ नका. तयार अत्तरात ०.०२ टक्क्याच्या खूप खाली ठेवा. आपल्या मापात ते ०.००४ टक्के आहे आणि तेवढंच पुरतं. जास्त झालं तर त्वचेला ॲलर्जीचा धोका, आणि वास सरबतासारखा भडक.

संत्र्याचं तेल घरी काढणार असाल तर साल दाबून काढा, उकळून नको. वाफेवर काढलेल्या तेलाला शिजल्यासारखा सपाट वास येतो, कारण उष्णतेत आणि फळातल्या आंबट पाण्यात त्यातली नाजूक द्रव्यं बदलतात. दाबून काढलेल्या तेलात मेण असतं, तेच पुढे बाटलीत गाळ म्हणून बसतं. फ्रिजच्या बर्फाच्या खणात दोन दिवस ठेवा, थंड असतानाच वरचं नितळ तेल ओतून घ्या, खालचा गढूळ भाग सोडा. फवारणी झालेल्या फळाच्या सालीतून औषधाचा अंशही तेलात येतो, म्हणून बाग माहितीतली हवी. तेल हाती येताच किलोमागे १ ग्रॅम बीएचटी (तेल हवेने खराब होऊ न देणारं रसायन) घाला आणि छोट्या, गळ्यापर्यंत भरलेल्या बाटल्यांत ठेवा. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा, आणि हवेत लिमोनीन सडतं. सडलेल्या लिमोनीनने त्वचेला खाज, पुरळ येतं, ताज्याने सहसा येत नाही. तेलाला टर्पेंटाइनसारखा वास यायला लागला तर ते अत्तरात घालू नका, फरशी पुसायला वापरा.

मोहाच्या फुलांचं बरेच जण विचारतात. मोहफुलात साखर आणि पाणी इतकं असतं की तेलात घातलं की ती आंबतात. त्या वाटेला जाऊ नका.

बेस तेल ८० ग्रॅम. फ्रॅक्शनेटेड खोबरेल घ्या, त्याला एमसीटी तेलही म्हणतात. त्याला वास नाही, ते वर्षभर खवटत नाही आणि साध्या खोबरेलासारखं थंडीत गोठत नाही. जवस आणि करडई आपल्याकडे घरची असली तरी या कामाची नाहीत. ती हवेत लवकर खराब होतात, जवस तर चिकट होऊन वाळतं, म्हणून तर ते रंगात वापरतात. तीळ त्यामानाने टिकतो, पण स्वतःचा वास सोडत नाही. जोजोबा उत्तम, फक्त महाग, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गढूळ दिसतो. स्वस्त अत्तरात लिक्विड पॅराफिन असतं, त्यात हेडिओनसारखी द्रव्यं नीट मिसळत नाहीत. डीपीजी (सुगंधी द्रव्यं पातळ करायला वापरतात ते द्रव) आणि खोबरेल एकमेकांत मिसळत नाहीत, थर धरतात. म्हणून १० टक्के आणि १ टक्का द्रावणं डीपीजीत केलेली मिळाली तर घेऊ नका. लॅक्टोन आणि डमास्कोन एमसीटीत विरघळवा, टार आयसोप्रोपाइल मायरिस्टेटमध्ये. व्हॅनिलिनचा मोह होईल, टाळा. ते या तेलात विरघळत नाही, आठ दिवसांनी तळाशी सुया दिसतात.

आता कृती. भांडी काचेची आणि कोरडी ठणठणीत. पाण्याचा एक थेंब राहिला तरी अत्तर गढूळ होतं. थर्मोकोलचा किंवा कडक पारदर्शक प्लास्टिकचा पेला वापरू नका, संत्र्याच्या तेलाने तो विरघळतो. ड्रॉपरचं रबर बाटलीत बुडवून ठेवलं तर फुगतं आणि त्याचा वास तेलात उतरतो. ग्वायकवुड थंडीत दगडासारखं असतं, बाटली ५०-६० अंशांच्या पाण्यात उभी ठेवून ते पातळ करा. त्यात वाळा, नागरमोथा, सालई घाला आणि ढवळा. मग हेडिओन. मिश्रण कोमट झालं की आयोनोन, लिनालूल, रोशा, दवणा आणि तिन्ही द्रावणं. संत्रा सगळ्यात शेवटी, मिश्रण पूर्ण थंड झाल्यावर. गरम असताना घातला तर निम्मा खोलीतच राहील. झाकण लावून दोन आठवडे अंधारात ठेवा. मग ८० ग्रॅम बेस तेलात मिसळा, ०.२ ग्रॅम ई जीवनसत्त्व घाला आणि आणखी तीन-चार आठवडे मुरू द्या. पहिल्या दिवशी धूर सुटा आणि टोचरा वाटेल, घाबरून काही वाढवू नका. तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बसतो.

पहिला प्रयोग स्वस्तात करायचा म्हणून २ ग्रॅम कंपाउंड बनवायला जाऊ नका. त्यात टारचं द्रावण ०.०४ ग्रॅम येईल आणि ०.०१ च्या काट्यावर तेवढ्यात पाव भाग इकडे-तिकडे होतो. कंपाउंड २० ग्रॅमचंच करा, पण आधी त्यातलं १ ग्रॅम ४ ग्रॅम तेलात मिसळून पारखा. उरलेलं दुरुस्तीला हाताशी राहतं.

पारख कागदावर आणि कातडीवर, दोन्हीकडे. लावल्यावर लगेच, पंधरा मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी हुंगा आणि लिहून ठेवा. किमान चार जणींना दाखवा, कारण काही माणसांना बीटा-आयोनोनचा वास जन्मतःच नीट येत नाही. त्यांना हे अत्तर म्हणजे धूर आणि फळ, मधला चहा गायब असं वाटेल. ती त्यांची चूक नाही, तुमचीही नाही. फक्त अशा एकीच्या शब्दावर माप बदलू नका. सगळ्यांनाच चहा कमी वाटला तर हेडिओन १ ग्रॅमने वाढवा. आयोनोन वाढवला तर अत्तर पावडरीकडे झुकतं. दवाखान्यासारखा वास आला तर पुढच्या घाण्यात टारचं द्रावण ०.२० वर आणा. मातकट वाटलं तर नागरमोथा ०.७० करा. फळ सरबती झालं तर आधी अनडेकालॅक्टोन निम्मं करा, संत्र्याला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर दोन दिवस थांबायचं.

आपल्या चहात वेलची, गवती चहा असतो, तो हवा असेल तर वेलचीचं तेल ०.१५ ग्रॅमपर्यंत घाला. गवती चहाचं ०.३० ग्रॅमच्या वर नको. त्याच्या तेलात सिट्रल बहुतांशी भरलेलं असतं आणि ते काही कातड्यांना चावतं.

उन्हाळ्याची तयारी मार्चमध्येच करा. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त तापतं. २० अंशांना भरलेली १० मिलीची बाटली ४५ अंशांना सुमारे ०.२ मिली फुगते, म्हणून काठोकाठ भरलेल्या रोल-ऑन बाजारात नेल्या की गोळीपाशी पाझरतात आणि लेबलं तेलकट होतात. १० मिलीच्या बाटलीत ९ मिलीच भरा आणि आडवी न ठेवता उभी ठेवा. साठा घरातल्या आतल्या खोलीत, जमिनीलगत ठेवा. फारच तापलं तर एका माठात दुसरा माठ ठेवून मधे ओली वाळू भरा, तो थंडावा चालतो, फक्त बाटल्या पिशवीत बांधून, नाहीतर लेबलं भिजतात. संत्र्याच्या तेलाचा केशरी रंग पांढऱ्या कपड्यावर डाग पाडतो, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

विकण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास बघायची सवय गटातल्या सगळ्यांना लावा. विक्रीसाठी अत्तर बनवणं हे सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येतं. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. घरगुती किंवा बचत गटाचं म्हणून आपोआप सूट मिळेल असं धरून चालू नका. परवाना हाती येण्याआधीपासूनच प्रत्येक घाण्याची वही ठेवा: तारीख, कोणतं तेल कोणत्या बाटलीतलं, किती ग्रॅम. घाण्याचा क्रमांक लेबलावरही टाका, म्हणजे एखादीला पुरळ उठलं तर नेमका कोणता घाणा परत मागवायचा ते त्या वहीतूनच कळतं.